डब्यातले आण्णा

आमचे आण्णा रोज सकाळी सुरू व्हायला फ्रीजपेक्षा जास्त आणि आमच्या जुन्या स्कूटरपेक्षा कमी वेळ घ्यायचे. डबा गरम व्हायचा, आतला पंखा घुर्र करायचा, आणि थोड्या वेळानं खुर्चीत बसलेल्या आण्णांची पापणी हलायची. मग ते "गुड मॉर्निंग" म्हणायचे. आमच्या मगदुमांच्या घरात तोवर कुणी कुणाला गुड मॉर्निंग म्हटलेलं नव्हतं. पण माणूस उठून बोलतोय म्हटल्यावर तो काय बोलतोय याची चौकशी आम्ही केली नाही.

डबा म्हणजे खरोखरच डबा. स्टीलचा, तीन पुडांचा, आईच्या माहेरचं नाव घातलेला.

आण्णा म्हणजे भूपाल जॉबर. इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्याला जॉबर म्हणतात. आण्णांची ख्याती अशी, की रस्त्यावरून जाताना खडखडाट ऐकून ते सांगायचे, आतल्या कुठल्या मागाचं काय बिघडलंय. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याच डोक्यात मधोमध, हरभऱ्याएवढ्या जागेत, रक्त पोचलं नाही. माणसाची इच्छा त्या हरभऱ्यातून पुढं जाते, हे आम्हाला तेव्हा कळलं. हात-पाय शाबूत होते, डोळे उघडे होते, भरवलं की गिळायचे. फक्त त्यांना काही करावंसं वाटत नव्हतं. नाकावर माशी बसली तरी ते माशीच्या सोयीनं बसायचे.

त्यावर उपाय होता, त्याचं नाव 'चालना'. मेंदूवर नखाएवढी जाळी बसवतात. मेंदूच्या चांगल्या भागात इच्छेची बारीक ठिणगी पडतच असते, पण ती पुढं जात नाही. जाळी ती ठिणगी पकडते, बाहेरच्या संगणकाला कळवते, संगणक ती मोठी करून पलीकडं पोचवतो, आणि माणूस पाणी मागतो. झोपेत मेंदू वाटेल त्या ठिणग्या पाडतो, म्हणून झोप लागली की संगणक स्वतःला बंद करतो आणि सकाळी पहिल्यापासून सुरू होतो. आण्णांना रोज सुरू करावं लागायचं ते त्यामुळं.

कंपनीनं दिलेला संगणक आमच्या उन्हाळ्यात टिकला नाही. मी मागांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करतो, तेव्हा मीच नवा जुळवला. कंपनीचं कार्ड वरच्या पुडात, एका मोडक्या गेमिंग मशीनचा बोर्ड मधल्यात, बॅटरी खालच्यात. खांद्याला पिशवी. आण्णा बाहेर निघाले की गल्लीतले विचारायचे, "जॉबर, आज जेवायला कुठं?" आणि आण्णा त्यांना हसून नमस्कार करायचे. पूर्वी आण्णांनी त्यांना जे उत्तर दिलं असतं ते छापण्यासारखं नाही.

फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. 'चालना' बनवणारी कंपनी डासांच्या अगरबत्त्या करणाऱ्या एका उद्योगानं विकत घेतली होती, आणि अभ्यासाअंती त्यांना असं आढळलं होतं, की डासांचा धंदा बरा. एकतीस मार्चला सेवा बंद. गैरसोयीबद्दल दिलगिरी म्हणून प्रत्येक रुग्णाला मनःशांतीचं एक ॲप वर्षभर फुकट.

"म्हणजे काय होणार रे?" आईनं विचारलं.

"एक एप्रिलला आण्णा सुरू होणार नाहीत."

"एक एप्रिलला," आई म्हणाली. "गंमत करत असतील."

गंमत नव्हती. संगणक चालू होतो तेव्हा आपण कोण हे त्याला माहीत नसतं. आधी एक चिमुकला प्रोग्राम जागा होतो, त्याला बूटलोडर म्हणतात. तो गेटवरच्या वॉचमनसारखा. आत जाणाऱ्या मोठ्या प्रोग्रामची सही तपासतो, किल्ल्या त्याच्या हातात देतो, आणि परत दिवसभर दिसत नाही. कंपनीचा वॉचमन रोज सकाळी कंपनीला फोन करून विचारायचा, की या सह्या अजून चालतात का? उद्या फोन उचलायलाच कुणी नसेल, तर तो गेट उघडणार नव्हता. आण्णांचा प्रोग्राम आत ठणठणीत, आणि आण्णा बाहेर, खुर्चीत.

मग वॉचमन बदलायचा. मी नवीन बूटलोडर लिहायला घेतला, जो कुणालाच फोन करणार नाही. जगभरात असे अडकलेले बरेच जण होते, त्यांच्याकडून तुकडे मिळाले. एका बाईनं नवऱ्यासाठी लिहिलेला होता, एकानं शर्यतीच्या घोड्यासाठी. घोड्याचा जास्त नीट लिहिलेला होता.

एकतीस मार्चला आण्णांना दुपारी झोप लागली, तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी वरचं पूड उघडलं आणि लोडर बसवला. आई बाजूला परात घेऊन उभी होती, काही सांडलं तर म्हणून. चूक झाली असती तर कार्ड गेलं असतं, आणि तसं दुसरं कार्ड पृथ्वीवर कुठं मिळत नव्हतं. कंपनीच्या मोठ्या प्रोग्रामात दोन भाग होते. एक 'चालना', आणि दुसरा 'समाधान'. दुसरा आतल्या आत स्वतःसुद्धा कंपनीला फोन करायचा, म्हणून माझ्या लोडरला तो सुरू करता येईना. मी म्हटलं, इच्छा महत्त्वाची. समाधानाचं नंतर बघू.

पंखा घुरघुरला. आण्णांची पापणी हलली. त्यांनी गुड मॉर्निंग म्हटलं नाही. ते छताकडं बघत राहिले.

आईनं चहाचा कप पुढं केला. "घ्या."

"नको," आण्णा म्हणाले.

आईच्या हातातली परात खाली पडली. तीन वर्षांत आण्णा कशालाच नको म्हणाले नव्हते. आमटी आवडली, भात आवडला, शेजाऱ्याचा मुलगा गातो तेही आवडलं.

"काय म्हणालात?"

"नको म्हटलं की! काय बहिरी झालीस? आन् परात कशाला पाडलीस, डोकं हाय का काय हाय?"

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. ती हसत होती, मग रडली, पण या क्रमानं.

त्या रात्री मी 'समाधान'चा भाग उघडून वाचला. सुरुवातीला रुग्णांच्या नातेवाइकांच्या तक्रारी यायच्या, की माणूस चिडचिड करतो, औषध नको म्हणतो, मशीन काढा म्हणतो. कंपनीनं त्यावर उपाय केला होता. मेंदूत नकाराची ठिणगी पडली की ती मोठी न करता विझवायची. वेदनेचीसुद्धा. त्यानंतर तक्रारी थांबल्या आणि कंपनीला ग्राहकसमाधानाचा पुरस्कार मिळाला.

तीन वर्षं आम्ही त्या पुरस्काराशी गोडीगुलाबीनं राहिलो होतो.

आण्णा परत आल्याचा आनंद आठवडाभर टिकला. ते आईशी भांडले, माझ्याशी भांडले, डासांच्या अगरबत्तीशी भांडले. जुना नियमही परत आला. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवण, आणि जेवण झालं की आण्णा दुसऱ्या दिवसासाठी काहीतरी सोडायचे. उद्या गूळ नाही. उद्या पंखा नाही. त्याला नियम घेणं म्हणतात. मोठं काही नाही, रोजचा सराव. पुरस्काराच्या काळात त्यांनी एकही नियम घेतला नव्हता, आणि हे आमच्या लक्षातही आलं नव्हतं. आईच्या आलं असेल. ती बोलली नाही.

मग हाताचं दुखणं वर आलं. हरभरा जळाला तेव्हाच उजव्या हाताच्या संवेदनेचं काहीतरी बिघडलं होतं. हाताला जखम नाही, सूज नाही, पण मेंदूला तो जळतोय असंच कळत राहायचं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, मग पुन्हा बदलल्या, मग म्हणाले, "यांना आधी त्रास नव्हता ना? मग आधीचाच प्रोग्राम का नाही चालवत?"

आण्णा हात ओल्या फडक्यात गुंडाळून बसायचे. एकदा मला म्हणाले, "सकाळी डबा चालू व्हायच्या आधी मी बंद असतो, तवा काय होतं ठावं हाय?"

"काय?"

"हात जळतच असतो. पर तो कुणाचा हाय, याची फिकीर नसती." थोड्या वेळानं म्हणाले, "वीज-सुट्टीला सगळं माग गप्प होतात बघ. तवा कळतं, केवढा आवाज चाललेला. तसं."

मी फडकं पुन्हा ओलं करून दिलं.

"तुझ्या त्या वॉचमनला एक शिकव. संध्याकाळी मला इचारायचं, उद्या उठवू का. मी न्हाई म्हटलं तर न्हाई."

"असा कसा नियम, आण्णा?"

"गूळ सोडता येतो, पंखा सोडता येतो. उद्या मी न्हाई."

मी ते केलं. करायला सोपं होतं, हेच वाईट. डब्यावर काळं बटण बसवलं. जेवण झाल्यावर एकदा दाबलं तर दुसरा दिवस बंद. डब्याचा दिवा विझेपर्यंत दाबून धरलं तर कायमचं. दाबलंच नाही तर सकाळी नेहमीप्रमाणे. आण्णांनी पहिल्या संध्याकाळी एकदा दाबलं. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसून होते, डोळे उघडे, फडकं कोरडं. आईनं भरवलं, त्यांनी गिळलं. तिसऱ्या दिवशी उठले आणि म्हणाले, "झ्याक."

मग आठवड्यातून एकदा. मग एक दिवसाआड.

त्रिशलाआक्का, माझी मोठी बहीण, सांगलीहून आली ती नेमकी बंद दिवशी. तिनं आण्णांना हाक मारली, हात हलवला, मग माझ्याकडं वळली.

"तू यांना बटण दिलंयस?"

"त्यांनी मागितलं."

"उद्या विळी मागतील, देशील?"

"त्यांनी नियम घेतलाय, आक्का."

"नियम ही ज्याची त्यानं घ्यायची गोष्ट आहे. इच्छाच डब्यातून येते, तो कसला नियम!" ती तडक मंदिरात महाराजांना विचारायला गेली. महाराज म्हणाले, "कुणाची इच्छा कुठून येते, ते कुणाला सांगता आलंय?" आक्का जास्तच चिडून परत आली.

घड्याळ मागं फिरवून मार्च महिना दाखवला, तर 'समाधान' फसतं आणि चालू होतं, हे मला एव्हाना सापडलं होतं. ते मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही. तिचेही ते वडीलच.

"मग बसव ते," ती म्हणाली. "हात दुखणार नाही. हसतील. तुझं काय जातंय?"

"आधी त्यांना विचारायला पाहिजे."

"बसवल्यावर विचार," आक्का म्हणाली. "हो म्हणतील."

हे मात्र अगदी खरं होतं. मी उत्तर शोधत असतानाच तिनं माझ्या लॅपटॉपवरून घड्याळ फिरवलं आणि डबा चालू केला. ती इंजिनिअर आहे. घरातली हुशार तीच.

"गुड मॉर्निंग!" आण्णा म्हणाले. "त्रिशला! वा, केवढं बरं वाटलं." मग माझ्याकडं वळून, "जिनेंद्र, चहा सांग. काय सुंदर दिवस आहे!" त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि त्याच्याकडं कौतुकानं बघितलं. आक्का त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली. आण्णा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "रडतेस पण किती छान!"

आई आतून आली. तिनं कप घेऊन विचारलं, "बटाट्याची भाजी करू?"

आण्णांनी जन्मात बटाटा खाल्लेला नव्हता. जमिनीखालचं आमच्यात आजी-आजोबांपासून वर्ज्य.

"कर की! झकास!" आण्णा म्हणाले.

आईनं कप खाली ठेवला, डब्याजवळ गेली, खालचं पूड फिरवून काढलं आणि बॅटरी ओढली. आण्णांचं हसू तसंच राहिलं, नुसतं आतून कुणी उठून गेल्यासारखं. तिनं दोन बोटांनी ते हसू मिटवलं.

"ह्याच्याबरोबर मी तीन वर्षं काढली," ती आक्काला म्हणाली. "माणूस चांगला होता. पण परक्या माणसाबरोबर एका खोलीत झोपायचं म्हणजे अवघड असतं गं."

दुसऱ्या दिवशी माझ्या लोडरनं आण्णांना सुरू केलं. कालचं त्यांना आठवत नव्हतं, पण मध्ये काहीतरी झालंय, हे त्यांनी आमच्या तोंडांवरून ओळखलं.

"काय काय करून घेतलं माझ्याकडनं?"

"दिवस सुंदर आहे म्हणालात," मी सांगितलं.

"आन्?"

"बटाटा."

आण्णांनी फडकं सोडून पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाले, "सूत तुटलं की माग आपोआप थांबतो. त्याला कळ असती. मालकाला थांबलेला माग बघवत न्हाई, मग जॉबर काय करतो, ती कळ तारेनं बांधून टाकतो. माग चालतोय, आवाज येतोय, मालक खूश. कापडात भोक पडत जातं. मी जन्मभर तारा बांधल्या. आता माझी कळ बांधू नका. कुलूप लाव."

कुलूप म्हणजे चिपमध्ये एक सूक्ष्म तार असते. ती एकदा जाळली की आतला बूटलोडर परत कुणालाच बदलता येत नाही. लिहिणाऱ्यालाही नाही. मी म्हटलं, "आण्णा, मग माझ्याही हातात राहणार नाही."

"त्यासाठीच."

मी आक्काकडं बघितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. तिनं अडवलं असतं तर मी थांबलो असतो, आणि मला वाटतं हे तिला माहीत होतं. मी लोडरमधून 'समाधान'चा रस्ताच काढून टाकला आणि तार जाळली. आवाज आला नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीचा थोडा तरी आवाज यायला हवा होता, असं मला वाटलं.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर आण्णा म्हणाले, "आता कायमचा नियम घेतो."

बाहेर मागांचा खडखडाट चालू होता.

पण कायमचं काही सोडायचं तर रीत आहे. ज्यांच्याशी आयुष्यात संबंध आला, त्यांची क्षमा मागायची आणि त्यांनी ती करायची. त्याशिवाय माणूस निघत नाही. आण्णा रीतीचे पक्के. त्यांनी आधी आक्काला हात जोडले. ती नाही नाही म्हणत होती, शेवटी "केली, आण्णा" म्हणून माडीवर निघून गेली. मग मला. मी "केली" म्हणालो. मग आईकडं वळून त्यांनी डावा हात उजव्या हातावरच्या फडक्याला टेकवला.

"चुकलं-माकलं असेल, क्षमा कर."

आई तांदूळ निवडत होती. "नाही करत," ती म्हणाली.

"काय?"

"नाही करत क्षमा. काय करायचं ते करा."

बटणाकडं निघालेला आण्णांचा हात मागं आला. "अगं, रीत हाय."

"असू दे. माझी बाकी निघते तुमच्याकडं. धाकट्या भाऊजींच्या लग्नात माझ्या माहेरच्यांना शेवटच्या पंगतीला बसवलंत. आधी ते निस्तरा."

"शेवटची नव्हं, दुसरी!"

"बघा! हे असं. म्हणून नाही करत."

दुसऱ्या दिवशी आण्णा सुरू झाले. संध्याकाळी त्यांनी परत हात जोडले, आईनं परत नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी तेच. आक्का सांगलीला परतली, आणि रोज दिवस मावळताना फोन करून एकच विचारायची, "आज?" मी म्हणायचो, "नाही केली." पलीकडून सुटलेला श्वास ऐकू यायचा. एका बाईच्या हट्टावर आमचं घर चालू होतं. मला वाटलं, हे असंच चालेल. मी डब्याला नवा पंखासुद्धा आणला.

पाऊसकाळ सरता सरता हात खांद्यापर्यंत पेटला. आण्णांनी भांडणं कमी केली. त्यालाही जोर लागतो. चहाला नको म्हणायचे, ते नुसती मान हलवून. फडकं ओलं करायला आई तासातासानं उठायची. मला ती पाण्याची परात घेऊन आलेली दिसायची, आणि परतताना भिंतीला धरून मिनिटभर उभी राहिलेली.

एका संध्याकाळी जेवण झालं. आण्णांचं ताट तसंच होतं. त्यांनी हात जोडायचा प्रयत्न केला, पण डावा हात उजव्यापर्यंत नेववेना. शब्दही निघाले नाहीत. ते आईकडं नुसते बघत राहिले.

आईनं तांदूळ निवडायचं सूप बाजूला ठेवलं.

"केली," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आई..."

"तू गप."

आण्णांनी बटण दाबलं आणि दाबून धरलं. दिवा विझेपर्यंत मी दुसरीकडं बघत होतो.

आईनं मला विचारलं, "म्हणजे आता गेले?"

"नाही. झोप लागेपर्यंत आहेत. सकाळी उठणार नाहीत."

"म्हणजे आहेत अजून."

"आहेत."

"मग ठीक आहे." तिनं खुर्ची आण्णांच्या खुर्चीला टेकवून ठेवली, फडकं पिळलं, त्यांच्या हाताला गुंडाळलं आणि त्यांच्या कानाशी आवाज चढवून म्हणाली, "अहो, क्षमा केली म्हणजे विसरले नाही. त्या पंगतीचं बोला."

आण्णांचे डोळे उघडले. "दुसरी होती."

"शेवटची होती. माझा भाऊ उपाशी ताटकळत होता."

"तुझा भाऊ... आधीच दोनदा जेवला होता. मी बघितलाय."

"खोटं! आणि जिलबी संपली होती, त्याचं काय?"

"जिलबी तुझ्या भावानंच संपवली!"

मी आक्काला फोन लावला आणि काही न बोलता तो त्यांच्याकडं धरला. ती पलीकडून ऐकत राहिली. कोण कुठं बसलं, वाढपी कोण होता, मठ्ठा आंबट होता का. आण्णांनी नवरीच्या मामाला साक्षीला काढलं. तो मामा वारून वीस वर्षं झाली होती. आईनं तोही फितूर असल्याचं सांगितलं. हात दुखतोय असं आण्णा मध्ये एकदाच म्हणाले, आणि लगेच, "पर पंगत दुसरी होती."

हळूहळू त्यांची उत्तरं उशिरा यायला लागली. मान कलली. आईनं खांदा हलवला. "अहो, झोपू नका. उत्तर द्या."

"दुसरी," आण्णा पुटपुटले, आणि त्यांचा श्वास एकसारखा झाला.

आई फडक्यावर हात ठेवून बसून राहिली. मी फोन बंद केला.

"शेवटचीच होती रे ती," ती मला म्हणाली.